झाशीची नाट्यशाळा आणि महाराज गंगाधरराव

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत पूर्वसुरींचे स्मरण करण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. आपण घरापासून दूर राहिलो, येथे एकमेकांना शोधून काढले, गणपती बसविले, नाटके केली, आणि पाहता पाहता पन्नास वर्षे झाली. परंतु महाराष्ट्राबाहेर मराठी संसार थाटणारे आपण काही पहिले नव्हेत. तंजावर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, सागर, झाशी या ठिकाणी आपल्या आधी कितीतरी पिढ्या हे करून गेल्या. त्यांतील झाशीकडे आज आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

झाशी म्हटले की एकच नाव ओठांवर येते, आणि ते यावे हेच उचित होय. महाराणी लक्ष्मीबाईंच्या तेजापुढे त्या गावाचे बाकीचे सारे दिवे फिके पडले. त्यांचे पती महाराज गंगाधरराव यांना पाठ्यपुस्तकात दोन ओळी मिळतात. त्यांचा विवाह झाला, त्यांनी दत्तक घेतला आणि ते निवर्तले, एवढेच त्यांच्याविषयी सांगितले जाते. या गृहस्थांनी झाशीत नाट्यशाळा चालविली आणि मोठे ग्रंथालय उभे केले, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना ती ठाऊक असते, त्यांतले अनेक जण ती किंचित हसून सांगतात. ते हसणे कितपत न्याय्य आहे, याचा विचार करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

कोकणातून बुंदेलखंडात

झाशीचा किल्ला मूळचा ओरछाचे राजे बीरसिंहदेव यांनी १६१३ साली बांधलेला. महाराज छत्रसालांनी बाजीराव पेशव्यांना आपल्या राज्याचा वाटा दिला, आणि बुंदेलखंडात मराठ्यांचे पाऊल पडले. अठराव्या शतकाच्या मध्यास झाशीचा कारभार नारो शंकर यांच्याकडे आला. त्यांनी किल्ला वाढविला आणि त्याच्या पायथ्याशी वस्ती वसविली. नाशिकला गोदावरीच्या काठी ज्यांच्या नावाची घंटा आहे, तेच हे नारो शंकर राजेबहादूर. नारोशंकराची घंटा हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत रुळून बसला आहे, परंतु त्या घंटेच्या धन्याने झाशीचे शहर वाढविले, हे आपल्याला सहसा आठवत नाही.

त्यानंतर, १७७० च्या सुमारास, पेशव्यांनी झाशीची सुभेदारी रघुनाथ हरी नेवाळकर यांना दिली. नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे. कोकणातून हे घराणे खानदेशात आले, पारोळ्यास त्यांचा मुलूख होता, आणि तेथून ते बुंदेलखंडात पोहोचले. रघुनाथ हरींनी शहरात बांधलेला वाडा आज राणीमहाल म्हणून ओळखला जातो. त्यांच्यामागून त्यांचे बंधू शिवराव भाऊ सुभेदार झाले. १८०४ साली शिवराव भाऊंनी इंग्रजांशी तह केला. पुढे पेशवाई बुडाली तेव्हा नेवाळकरांचा वरचा धनी पुण्याऐवजी कलकत्त्याला बसू लागला, आणि १८३२ साली शिवराव भाऊंचे नातू रामचंद्रराव यांना इंग्रजांनी राजा हा किताब दिला. कोकणातल्या एका घराण्याने तीन-चार पिढ्यांत बुंदेल्यांच्या प्रदेशात आपले घर केले. कोल्हापूरची महालक्ष्मी ही त्यांची कुलस्वामिनी. तिचे देऊळ त्यांनी झाशीत तलावाकाठी उभे केले, आणि तलावही लक्ष्मीचाच म्हटला जाऊ लागला. दूर गेलेला माणूस आपला देव बरोबर नेतो, हे तुम्हां-आम्हांला वेगळे सांगायला नको.

गादी आणि कारभार

गंगाधरराव हे शिवराव भाऊंचे धाकटे चिरंजीव. गादी आपल्याकडे येईल अशी अपेक्षा त्यांनी लहानपणी केली असण्याचा संभव कमी. परंतु १८३५ साली रामचंद्रराव निपुत्रिक वारले. त्यांच्यामागून गंगाधररावांचे वडील बंधू रघुनाथराव गादीवर आले, आणि तेही १८३८ साली निवर्तले. मग वारसांचे तंटे उभे राहिले. एकाहून अधिक दावेदार पुढे आले, आणि अखेर इंग्रजांनी नेमलेल्या मंडळाने गंगाधररावांचा हक्क मान्य केला.

हक्क मिळाला, तथापि सत्ता मिळाली नाही. संस्थान कर्जात बुडालेले होते. त्यामुळे इंग्रजांनी कारभार आपल्याच हाती ठेवला. पाच वर्षे गंगाधरराव नावाचे राजे होते. १८४३ साली कारभार त्यांच्या स्वाधीन झाला, तोही फौजेच्या खर्चासाठी मुलुखाचा एक भाग तोडून दिल्यावर. तत्पूर्वी, १८४२ साली, बिठूरच्या मोरोपंत तांबे यांची कन्या मणिकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. हे लग्न झाशीच्या गणेशमंदिरात लागले. ते मंदिर आजही आहे. झाशीला जाणाऱ्या मराठी माणसाने किल्ल्याबरोबर तेही अवश्य पाहावे. महाराजांची प्रथम पत्नी निवर्तलेली होती. वधूवरांच्या वयात पुष्कळच अंतर होते. सासरी आलेल्या मनूचे नाव लक्ष्मीबाई ठेवले गेले.

कारभार हाती येताच गंगाधररावांनी संस्थानची घडी बसविली. ते कडक शिस्तीचे होते, शिक्षा कठोर देत, रागीट होते, असे त्यांच्याविषयी सांगतात. त्याच तोंडाने हेही सांगतात की त्यांच्या काळात झाशी कर्जातून वर आली आणि शहराला कळा आली. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. परंतु फौज, परराष्ट्रव्यवहार आणि युद्ध हे राजाचे मोठे उद्योग त्यांच्या हाती उरलेलेच नव्हते. ज्या राजाला तलवार म्यानातच ठेवायची आहे, त्याने आपले राजेपण कोठे दाखवावे? गंगाधररावांनी ते ग्रंथांत आणि रंगभूमीवर दाखविले.

एकाच काळाची हवा

येथे एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्या १८४३ साली गंगाधररावांच्या हाती झाशीचा कारभार आला, त्याच वर्षी सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर नाटकाचा प्रयोग केला. आपण मराठी रंगभूमीचा आरंभ तेथून मोजतो. त्याच सुमारास लखनौला युवराज वाजिद अली शाह राधाकृष्णाच्या कथेवर नृत्यनाट्य बसवीत होते, आणि दहा वर्षांनी त्याच शहरात अमानतची इंदरसभा गाजू लागली. दक्षिणेत तंजावरच्या शहाजीराजे भोसल्यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीसच मराठी नाटके रचलेली होती. म्हणजे सांगली, लखनौ आणि झाशी या तीन दरबारांना एकाच वेळी नाटकाची ओढ लागली होती, आणि तिघांच्याही डोक्यावर एकच कंपनी सरकार होते.

झाशीची नाट्यशाळा या हवेत वाढली. महाराजांनी नट, गवई, वादक पदरी बाळगले, नाटकाचे साहित्य जमविले, आणि स्वतः प्रयोगात भाग घेतला. नाट्यशाळेची ती आठवण बुंदेलखंडात इतकी टिकून राहिली की वृंदावनलाल वर्मांनी १९४६ साली राणीवर हिंदी कादंबरी लिहिली, तेव्हा तीत नाट्यशाळेतील नटींना त्यांनी मानाचे स्थान दिले. कादंबरी ही कादंबरी होय, इतिहास नव्हे. परंतु शंभर वर्षांनीही झाशीच्या लेखकाला राणीची गोष्ट नाट्यशाळेवाचून पुरी वाटली नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

नाट्यगृहाचा घुमारा

नाट्यशाळा म्हणजे केवळ पडदा आणि दिवे नव्हेत. ती आवाजासाठी बांधलेली खोली असते. त्या काळी ध्वनिवर्धक नव्हता. नटाचा शब्द आणि गवयाचा सूर शेवटच्या बैठकीपर्यंत न्यायचा तो भिंतींनी आणि छतानेच. ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिचा येथे थोडा परिचय करून देणे अस्थानी होणार नाही.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय सर्वस्वी नाट्यगृहाच्या बांधणीला वाहिलेला आहे. लांबट, चौरस आणि त्रिकोणी असे तीन आकार आणि मोठे, मध्यम, लहान अशी तीन मापे सांगून भरत मध्यम मापाच्या लांबट गृहाची निवड करतात. ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद, म्हणजे आपल्या मापाने सुमारे ९६ फूट लांब आणि ४८ फूट रुंद. मागचा अर्धा भाग रंगपीठ आणि नेपथ्याचा, पुढचा अर्धा प्रेक्षकांचा. याहून मोठे गृह बांधू नये, असा त्यांचा आग्रह आहे. कारण मोठ्या गृहात शब्द फुटतो, अस्पष्ट होतो, आणि नटाच्या चेहऱ्यावरचा भावही दिसत नाही. गृह डोंगरातल्या गुहेसारखे असावे, त्याला लहान खिडक्या असाव्यात, आत वारा खेळू नये, म्हणजे वाद्यवृंदाच्या सुराला गांभीर्य येते, असेही ते सांगतात. भिंतींना गिलावा करून चुना द्यावा आणि मग चित्रे काढावीत, हेही तेथे आहे.

या नियमांमागचे शास्त्र आज आपल्याला सांगता येते. आवाज सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो. रंगपीठाच्या कडेला मध्यभागी उभ्या असलेल्या नटाचा शब्द समोर २४ फुटांवर बसलेल्या माणसाकडे सरळ जातो, आणि बाजूच्या भिंतीवर आपटूनही जातो. भरतांच्या मापाच्या गृहात हा दुसरा मार्ग सुमारे तीस फुटांनी लांब पडतो. म्हणजे परतलेला शब्द मूळ शब्दामागून सेकंदाच्या चाळिसाव्या हिश्शाइतका उशिरा येतो. इतका थोडा उशीर कानाला वेगळा कळत नाही. दोन्ही मिळून एकच भरीव शब्द ऐकू येतो. हेच अंतर वाढत जाऊन उशीर सेकंदाच्या दहाव्या हिश्शावर गेला की शब्द दोनदा ऐकू येऊ लागतो. त्याला आपण प्रतिध्वनी म्हणतो. या दोहोंच्या मधला जो भाग, अनेक भिंतींवरून अनेक वेळा परतून हळूहळू विरत जाणारा जो नाद, तो घुमारा. देवळाच्या गाभाऱ्यात ओंकार म्हणून पाहिला तर घुमारा म्हणजे काय हे शब्दांवाचून कळते. उघड्या माळावर तोच ओंकार कोरडा वाटतो, कारण तेथे त्याला परत आणणारे कोणी नसते.

चुन्याचा गुळगुळीत गिलावा आवाज परतवतो. पडदे, गाद्या आणि बसलेली माणसे तो शोषून घेतात. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने १८९५ पासून याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. तेथील एका व्याख्यानगृहात एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राही, आणि वक्त्याचे पुढचे कितीतरी शब्द त्यात बुडून जात. सॅबिनने रात्री दुसऱ्या नाट्यगृहातील गाद्या उचलून आणल्या, त्या एकेक करून मांडल्या आणि घुमारा किती घटतो ते मोजले. त्यातून जे सूत्र निघाले, त्यानुसार १९०० साली बोस्टनचे सिंफनी हॉल बांधले गेले. गृह जितके मोठे तितका घुमारा लांब, आणि आत शोषणारे पदार्थ जितके अधिक तितका तो आखूड, हे त्या सूत्राचे सार. भरतांनी अनुभवाने सांगितलेले सॅबिनने गणिताने सांगितले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

संस्कृत विद्येचे एवढे वेड असलेला आणि नाटकासाठी स्वतंत्र शाळा चालविणारा राजा या परंपरेतला होता. झाशीला जाणाऱ्यांनी राणीमहालाच्या दरबार दालनात, चित्रांनी नटलेल्या भिंतींमध्ये, क्षणभर उभे राहून हलक्या आवाजात चार शब्द बोलून पाहावेत. ते दालन नाट्यशाळा नव्हे. परंतु ज्या घराण्याची माणसे अशा दालनांत वावरली, त्यांच्या कानांना खोलीचा आवाज काय असतो हे ठाऊक होते, एवढे तेथे समजते.

स्त्रीभूमिका आणि उपहास

आता त्या हसण्याविषयी. गंगाधरराव स्त्रीवेष घेत, ही गोष्ट चवीने सांगितली जाते. विष्णुभट गोडसे वरसईकर १८५७-५८ च्या धामधुमीत झाशीस होते. महाराजांना जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती, म्हणजे या बाबतीतले त्यांचे लेखन ऐकीव होय. त्यांच्या माझा प्रवास या पुस्तकात महाराजांच्या स्त्रीवेषाच्या कथा आल्या आहेत. एक आख्यायिका अशी की इंग्रज अधिकाऱ्याने या वेषाचा खुलासा विचारला, तेव्हा साऱ्या राजेरजवाड्यांना कंपनी सरकारनेच बांगड्या भरल्या आहेत, मग आपण वेष घेतला तर नवल काय, अशा अर्थाचे उत्तर महाराजांनी दिले. आख्यायिका खरी असो वा रचलेली, तिच्यातली बोच खरी आहे. जो राजा पाच वर्षे आपल्याच गादीवर पाहुण्यासारखा बसला होता, त्याच्या तोंडी हे उत्तर लोकांनी घातले, यावरून लोकांना त्याचे दुःख कळले होते असे दिसते.

शिवाय न्याय करायचा तर एकाच मापाने करावा. पुढे साठ-सत्तर वर्षांत भाऊराव कोल्हटकर आणि बालगंधर्व स्त्रीभूमिका करून महाराष्ट्राच्या गळ्यातले ताईत झाले. त्यांच्या शालू-शेल्यांची फॅशन घरंदाज स्त्रियांनी उचलली. नटाने केले तर कला आणि राजाने केले तर विकृती, हा न्याय आम्हांला पटत नाही. गंगाधरराव चुकीच्या घरी आणि थोडे आधी जन्मले, इतकेच.

ग्रंथालय

महाराजांचे दुसरे वेड ग्रंथांचे. वेद, शास्त्रे, पुराणे, काव्ये यांच्या हस्तलिखितांचा झाशीचा संग्रह इतका नावाजलेला होता की दूरदूरचे विद्वान तेथील पोथ्यांच्या नकला करवून घेत. पोथी आणि नाटक या दोन गोष्टी आपल्याला निराळ्या वाटतात. परंतु पोथीतला शब्द मुका असतो, आणि रंगभूमी त्याला आवाज देते. जो माणूस दोन्ही गोष्टींसाठी खर्च करतो, त्याला भाषा जपायचीही असते आणि ऐकायचीही असते. झाशीत मराठी घरे थोडी, भोवती सगळी बुंदेली बोली. अशा ठिकाणी आपल्या शब्दाला एक छप्पर मिळवून देणे, याचे मोल येथे राहणाऱ्या आपल्याइतके कोणाला कळणार?

अखेरचे दिवस

१८५१ साली महाराजांना पुत्र झाला. झाशीत आनंदीआनंद झाला, परंतु तीन-चार महिन्यांतच ते मूल गेले. त्या दुःखातून महाराज सावरले नाहीत. १८५३ च्या शरद ऋतूत त्यांचे दुखणे विकोपाला गेले. २० नोव्हेंबर रोजी त्यांनी नेवाळकर घराण्यातीलच वासुदेवरावांचा मुलगा आनंदराव यास विधिपूर्वक दत्तक घेतले आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन या दोघा इंग्रज अधिकाऱ्यांना त्यांनी मुद्दाम बोलावून घेतले, आणि मुलाचा व राणीचा सांभाळ व्हावा, संस्थान त्यांच्याकडे चालावे, अशी लेखी विनंती त्यांच्या हाती दिली. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबर १८५३ रोजी, महाराजांनी देह ठेवला. लक्ष्मीतलावाकाठी राणीने त्यांची छत्री बांधविली, ती आजही उभी आहे.

ती विनंती व्यर्थ गेली. १८५४ साली लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर करून झाशी खालसा केली. राणी किल्ला सोडून शहरातल्या वाड्यात राहावयास आल्या. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजची फौज झाशीवर आली. वेढ्याच्या त्या दिवसांतही चैत्रगौरीचे हळदीकुंकू चुकले नाही, असे सांगतात. ३ एप्रिलला शहर पडले, आणि दुसऱ्या रात्री राणी दामोदररावाला घेऊन बाहेर पडल्या.

त्यानंतर शहराची जी लूट झाली, तिचे वर्णन गोडसे भटजींनी डोळ्यांदेखत पाहिलेले म्हणून केले आहे, आणि ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. घरे, देवळे, माणसे यांच्याबरोबर महाराजांचे ग्रंथालयही त्यात गेले. गोडसे स्वतः वैदिक ब्राह्मण, सोन्यारुप्याच्या लुटीपेक्षा पोथ्यांचा नाश त्यांच्या मनाला अधिक लागला असल्यास नवल नाही. दहा-अकरा वर्षांत जमविलेला शब्दसंग्रह काही दिवसांत राख झाला. नाट्यशाळेतला आवाज तर त्याआधीच, धन्याबरोबर, थांबला होता.

जो नाद टिपला गेला नाही

पोथी जळाली तरी तिची एखादी नक्कल कोठेतरी उरण्याची आशा असते. आवाजाची ती सोय तेव्हा नव्हती. एडिसनचे यंत्र आले ते १८७७ साली, महाराजांच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी. हिंदुस्थानात गाणे तबकडीवर घेण्यासाठी ग्रामोफोन कंपनीचे गैसबर्ग कलकत्त्यास पोहोचले १९०२ साली. त्यापूर्वी गेलेल्या साऱ्या गवयांचे आणि नटांचे आवाज त्यांच्या श्रोत्यांबरोबरच संपले. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले. केवळ वर्षभराचे अंतर पडले.

आणि तबकडीवर आवाज आला तरी खोली आली नव्हती. गायकाने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, त्यामुळे गळा तेवढा उमटे आणि भिंतींचा घुमारा बाहेरच राही. जुन्या तबकड्या आपल्याला कोरड्या आणि लांबच्या वाटतात, त्याचे एक कारण हे आहे. १९२५ पासून मायक्रोफोन आला, आणि गायकाच्या गळ्याबरोबर त्याच्या भोवतालची जागाही टिपता येऊ लागली. मग ध्वनिमुद्रण करणारे उलट त्या जागेच्या शोधात निघाले. मायक्रोफोन तोंडाजवळ ठेवला तर गळा स्पष्ट, दूर नेला तर खोली अधिक, आणि या दोहोंमधले नेमके स्थान शोधणे ही एक कला होऊन बसली. कोठे रिकाम्या फरशीबंद खोलीत ध्वनिक्षेपक लावून त्यातून निघालेला आवाज पुन्हा मायक्रोफोनने टिपला जाऊ लागला. १९६० च्या मुगल-ए-आझम चित्रपटातील शीशमहालाच्या गाण्याला हवा तसा घुमारा मिळावा म्हणून संगीतकार नौशाद यांनी लता मंगेशकरांना स्टुडिओच्या स्नानगृहात उभे करून गावयास लावले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. राजवाड्याचा आवाज हवा, परंतु राजवाडा नाही, म्हणून फरशीच्या चार भिंतींवर काम भागवावे लागले.

झाशीचीही अशीच गत झाली. १९५३ साली सोहराब मोदींनी झांसी की रानी हा भव्य रंगीत चित्रपट काढला. त्याचे संगीत कोकणातल्या आपल्या वसंत देसायांचे. त्यात गंगाधरराव आहेत, दरबार आहे, मराठी संगीतकाराचे सूर आहेत. कोकणातून निघालेल्या घराण्याची कथा शंभर वर्षांनी कोकणातल्याच माणसाने सुरांत बांधली. नाट्यशाळेचा खरा नाद मात्र त्यालाही मिळण्यासारखा नव्हता.

आमचे एक सांगणे

हे सारे येथे मांडण्याचे कारण केवळ इतिहासाची आवड नव्हे. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण आता मुलेसुद्धा खिशातल्या यंत्रावर करतात. आम्ही त्यांना एवढेच सुचवू की यंत्र ध्वनिक्षेपकाला चिकटवून ठेवू नका. त्यातून केवळ ध्वनिक्षेपक ऐकू येतो. सभागृहात चौथ्या-पाचव्या रांगेत, मध्यभागी, उंचावर ठेवा. म्हणजे गाणाऱ्याच्या गळ्याबरोबर सभागृहही मुद्रित होईल. मागच्या बाजूचे जाड पडदे दूर सारले तर सूर अधिक भरेल. नाटकाचे संवाद फुटत असतील तर तेच पडदे ओढून घ्या. त्या घुमाऱ्यात समेला आलेली दाद असेल, एखाद्या आजोबांचा खोकला असेल, भैरवीनंतरची शांतता असेल. पन्नास वर्षांनी शताब्दीची स्मरणिका काढणाऱ्यांना गळ्यापेक्षा कदाचित तेच अधिक मोलाचे वाटेल.

गंगाधररावांना रणांगण मिळाले नाही, वारस लाभला नाही, आणि कीर्ती लाभली ती पत्नीची. पण घरापासून दूर, परक्या सत्तेच्या छायेत, आपल्या शब्दाला आणि सुराला परत पाठविणाऱ्या भिंती असाव्यात, ही गरज त्यांनी ओळखली आणि ती आपल्या परीने भागविली. माळावर ओरडणाऱ्याला आपला आवाज परत ऐकू येत नाही. त्यासाठी कोणीतरी चार भिंती बांधाव्या लागतात, त्यांना चुना द्यावा लागतो, आणि आत माणसे आणून बसवावी लागतात. गेली पन्नास वर्षे या मंडळाने दुसरे काय केले?

राणीसाहेबांना वंदन करणारे हात लक्ष्मीतलावाकाठच्या त्या छत्रीपुढेही क्षणभर जुळावेत, एवढीच आमची प्रार्थना आहे. महाराज गंगाधरराव नेवाळकर यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.